टेक्ससमधे हरणासाठी .२२३ पुरते का .२४३च हवी?

नेमबाज_कोथरूड

नमस्कार मंडळी, आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे ते मला पक्कं माहितीये, हा प्रश्न फक्त आणि फक्त अमेरिकेतल्या शिकारीचा आहे, रीतसर लायसन काढून, सीझनमधे, खाजगी रँचवर.

तर झालंय असं की माझा आतेभाऊ टेक्ससला असतो, सॅन अँटोनियोच्या वरच्या अंगाला जो डोंगराळ भाग आहे, हिल कंट्री म्हणतात, तिथे त्याच्या मित्राचं रँच आहे. नोव्हेंबरात मी आणि बायको जातोय आणि तो म्हणतोय या वेळी हरणाला चला. मी बालेवाडीच्या रेंजवर .२२ ने ५० मीटर प्रोन (पालथं पडून) मारतो, बायको १० मीटर एअर रायफल मारायची, हल्ली क्वचित. म्हणजे नेम, श्वास, चाप हे आम्हाला नवीन नाही पण सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसणारी, .२२ हून जोरकस) रायफल दोघांपैकी कोणीच चालवलेली नाहीये.

आतेभावाकडे .२२३ काडतुसाची रायफल आहे, एआर टाइपची (पुढचं काडतूस आपोआप भरणारी), १६ इंची नळी. तो म्हणतो हीच घ्या, धक्का बसत नाही, आवाज कमी, नवशिक्याला बेस्ट. रँचवाला मित्र म्हणतो माझ्या जमिनीवर .२४३ च्या खालचं काही हरणावर चालवायचं नाही. ऑफिसमधला एकजण म्हणतो दोन्ही सोड, ६.५ क्रीडमूर काडतुसाची घे. नेटवर शोधलं तर एक म्हणतो .२२३ ने आयुष्यभर हरणं पाडली, दुसरा म्हणतो .२२३ ने हरीण मारणं हा गुन्हा आहे, दोघंही तितक्याच ठामपणे, त्यामुळे डोकं आउट झालंय.

बायको लहान चणीची आहे म्हणून धक्क्याचा विचार करावाच लागतो. पण त्याहून मोठं टेन्शन हे की जनावर जखमी होऊन झाडीत गेलं आणि सापडलं नाही तर. ते मला अजिबात नकोय, तसं होण्याची शक्यता जास्त असेल तर मी जाणारच नाही. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय किंवा ज्यांना काडतुसातलं कळतं त्यांनी प्लीज नीट सांगा.

सॅन_अँटोनियोकर

तुमचा आतेभाऊ म्हणतोय तो भाग माझ्या घरापासून फार लांब नाही. आधी कायदा बघू कारण तिथेच बरेच पाहुणे गडबड करतात.

टेक्ससमधे हरणाला रिमफायर (बुडाच्या कडेला ठोका बसणारं काडतूस) चालत नाही, म्हणजे तुमची बालेवाडीची .२२ बाद, पण सेंटरफायर कुठल्याही कॅलिबरची चालते, त्यामुळे .२२३ कायदेशीर आहे. हे टेक्सससाठी झालं. कोलोरॅडोला गेलात तर किमान .२४ पाहिजे, गोळी आत गेल्यावर फुलणारी आणि हरणासाठी निदान ७० ग्रेनची (साडेचार ग्रॅम), शिवाय १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड (गोळीच्या जोराचं माप) एनर्जी पाहिजे, म्हणजे .२२३ तिथे बाहेर. व्हर्जिनियात किमान .२३. इंग्लंडमधे तर मोठ्या हरणांना .२४० च्या खाली नाहीच आणि एनर्जी नळीपाशी १७०० फूट-पाउंड. यावरून एक दिसतं की जिथे कुठे सरकारने बसून रेघ मारली तिथे ती बऱ्याचदा .२२ आणि .२४ च्या मधेच पडली आहे, तुमचा रँचवाला मित्र जे म्हणतोय ते हवेतलं नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही टुरिस्ट व्हिसावर येणार असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतूस हातात घ्यायलाच बंदी आहे, त्याला एक सुटका म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू शिकारी लायसन. त्यामुळे रेंजवर सरावाला जायच्या आधी लायसन काढा, उलटं करू नका. आतेभाऊ बाजूला उभा आहे आणि बंदूक त्याच्या नावावर आहे म्हणून काही फरक पडत नाही. लायसन ऑनलाइन निघतं. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, नाहीतर १७ पूर्ण झालेल्यांना एकदाच मिळणारी सूट घ्यायची, त्यात कोर्स केलेला लायसनवाला शिकारी कायम सोबत लागतो. माझं मत विचाराल तर कोर्सच करा दोघांनी, ऑनलाइन होतो आणि गोळी जनावराला कुठे बसली पाहिजे ते त्यात चित्रं काढून दाखवतात.

आता तुमचा खरा प्रश्न. हिल कंट्रीतलं व्हाइटटेल जातीचं हरीण लहान असतं, मादी चाळीस किलोच्या आसपास, नर साठपर्यंत. उत्तरेकडच्या राज्यांतला नर शंभरी सहज ओलांडतो. त्यात इथे मका टाकणाऱ्या फीडरसमोर ब्लाइंडमधे (लपून बसायच्या खोपटात) बसून साधारण ७०-१०० यार्डांवर मारतात, टेकायला खिडकीची फळी असते. अशा ठिकाणी .२२३ ने हरीण जागेवर पडतं, मी बघितलंय, शेजारच्यांची पोरं त्यानेच शिकतात. पण ती पोरं आडवं उभं असलेलंच जनावर मारतात आणि बाप शेजारी बसून नाही म्हणाला की बंदूक खाली ठेवतात. .२२३ मधे चुकीला जागा कमी आहे एवढंच माझं म्हणणं.

काडतूसकाका

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी झाली, आता निवृत्त. शिकार मी केलेली नाही पण काडतूस म्हणजे काय हे सांगू शकतो म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

सगळेजण .२२३ का .२४३ एवढंच विचारतात. हा आकडा गोळीच्या जाडीचा, ती पाव इंचाच्याही आत आहे दोन्हीत. जनावर मरतं ते गोळी आत जाऊन काय करते त्यावर. ५५ ग्रेनची .२२३ ची गोळी म्हणजे साडेतीन ग्रॅम, नळीतून सेकंदाला ३२०० फुटांच्या वर निघते, एनर्जी साधारण १२८० फूट-पाउंड. .२४३ ची १०० ग्रेनची म्हणजे साडेसहा ग्रॅम, २९६० च्या आसपास, एनर्जी १९४०. २०० यार्डांवर .२२३ ची एनर्जी साडेसहाशेवर येते आणि .२४३ ची तेव्हाही १३०० च्या पुढे असते. शिवाय हे आकडे २४ इंची चाचणीच्या नळीचे असतात, तुमच्या आतेभावाची १६ इंची आहे, त्यात .२२३ चे दोनशे-अडीचशे फूट वेग आणखी कमी धरा. डब्यावरचा आकडा तुमच्या हातातल्या रायफलचा नसतो.

पण एनर्जीहून महत्त्वाची गोळीची बनावट. .२२३ च्या तीन जाती ओळखा. एक, फुल मेटल जॅकेट, म्हणजे शिशावर पूर्ण धातूचं आवरण (जॅकेट), फौजेतली, ही फुलत नाही, हरणातून आरपार बारीक भोक पाडून जाऊ शकते आणि जनावर मैलभर पळून मग कुठेतरी मरतं. बऱ्याच राज्यांत शिकारीला ती बंद आहे. गंमत अशी की युद्धात नेमकं उलटं, फुलणारी गोळी आपल्याच कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात निघाली आणि १८९९ ला हेगमधे तिच्यावर युद्धापुरती बंदी आली. दोन, व्हारमिंट गोळी, प्रेअरी डॉग आणि कोल्ह्यासारख्या छोट्या जनावरांसाठी, जॅकेट पातळ, आपटली की फुटते. ही हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्या वर भलीमोठी जखम होते आणि आत फुप्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. .२२३ ने हरीण जखमी होऊन गेलं अशा ज्या कहाण्या असतात त्यातल्या पुष्कळशा हिच्याच असणार. दुकानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त याच दोन जाती मिळतात, म्हणून सांगतोय. तिसरी जात शिकारीची, जाड जॅकेट, किंवा शिसं जॅकेटला चिकटवलेलं, किंवा मधे पडदा असलेली, किंवा अख्खी तांब्याची. नॉस्लर पार्टिशन ६० ग्रेन, फेडरल फ्यूजन ६२, विंचेस्टर पॉवर पॉइंट ६४, बार्न्सची तांब्याची ५५. ही पुढून फुलते पण मागचं वजन धरून ठेवते आणि आत जाते. .२२३ वापरायचीच तर फक्त ही.

आता पीळ. नळीतले आटे गोळीला फिरकी देतात आणि गोळी जितकी लांब तितकी फिरकी जास्त लागते. जुन्या बोल्टवाल्या (हाताने बोल्ट ओढून भरायच्या) .२२३ ला १२ इंचाला एक फेरा असायचा, त्यातून ५५ ग्रेनपर्यंत ठीक, जड लांब गोळी घातली तर ती हवेत डगमगते आणि कागदावर गोल भोकाऐवजी गोळीची आडवी बाजू छापली जाते. ते दिसलं की समजायचं ही जोडी जमत नाही. एआरला बहुतेक ९, ८ किंवा ७ ला एक असतो, नळीवरच कोरलेलं असतं, आतेभावाला वाचायला सांगा.

या पिळापायी एक अख्खं काडतूस बुडालं. १९५५ साली विंचेस्टरने आपल्याच मोठ्या .३०८ काडतुसाची केस (पितळी कवच) तोंडाशी आवळून .२४३ काढली. त्याच वर्षी रेमिंग्टनने .२४४ काढली, केस जरा मोठी, कागदावर उलट सरस. पण त्यांना वाटलं लोक ही हलक्या गोळ्या घालून लांबवरच्या छोट्या जनावरांनाच वापरणार, म्हणून नळीला १२ ला एक पीळ दिला. विंचेस्टरने १० ला एक दिला, १०० ग्रेनची गोळी आरामात जायची. घेणाऱ्याला एकाच रायफलीत कोल्हाही हवा होता आणि हरीणही, त्याने १०० ग्रेनवाली उचलली. रेमिंग्टनने मग पीळ बदलला, १९६३ ला नावही बदलून ६ एमएम रेमिंग्टन केलं, पण तोवर गाडी सुटली होती. सत्तर वर्षं झाली, .२४३ अजून गावोगावच्या दुकानात मिळते ती हरणाची गोळी तिला पहिल्या दिवसापासून पेलली म्हणून.

आणि .२४३ घेतली म्हणजे झालं असंही नाही, तिच्यातही ५५-५८ ग्रेनच्या व्हारमिंट गोळ्या येतात. हरणाला ९० ते १०० ग्रेनची शिकारीचीच घ्या.

रानवाट

काकांनी फार छान लिहिलंय. मी मूळची औंधची, सध्या मिशिगनला, .२४३ ने हरणं मारली आहेत म्हणून ताईंच्या बाजूने लिहिते.

धक्क्याचं म्हणाल तर .२४३ चा धक्का .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या जवळपास निम्मा असतो, .२२३ हून जास्त आहे हे खरं पण ढकलल्यासारखा येतो, दुखत नाही. खरा त्रास देतो तो दस्ता. अमेरिकन पुरुषाच्या मापाचा दस्ता लहान चणीच्या बाईला लांब पडतो, मग मान पुढे ताणली जाते, दस्ता खांद्यात नीट बसत नाही आणि धक्क्याला स्कोपची (रायफलवरच्या दुर्बिणीची) कड भुवईवर बसू शकते. त्यामुळे कॅलिबरवर डोकं घालवण्याआधी कॉम्पॅक्ट किंवा यूथ मापाची रायफल बघा, .२४३ त्या मापात भरपूर मिळते. एअर रायफलवालीला दस्ता शरीराला कसा बसला पाहिजे हे कोणी सांगायला नको, ताई हातात घेतल्याबरोबर ओळखतील. आणि कानाला मफ लावल्याशिवाय एकही बार काढू नका, माणूस बिचकतो ते निम्म्याहून जास्त आवाजाला.

तुम्ही ५० मीटरवाले आहात, तुमच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा गोल १०.४ मिलिमीटरचा. हरणाचं हृदय-फुप्फुस मिळून जी जागा आहे ती साधारण वीतभर रुंद, म्हणजे तुम्हाला रेंजवर ती भिंतीएवढी वाटेल. तिथे गोष्ट वेगळी असते. जनावर हलतं, मान वर करतं, अर्धवट वळतं, उजेड कमी असतो आणि छाती इतकी धडधडते की श्वासाचं सगळं शिक्षण क्षणभर जातं. म्हणून थांबायचं. पूर्ण आडवं होऊ द्यायचं, पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्यायची आणि शरीराच्या खालच्या एक तृतीयांशाला फऱ्याच्या किंचित मागे धरायचं. तोंड तुमच्याकडे करून उभं असेल तर नाही, पाठमोरं असेल तर नाही, डोक्याला तर कधीच नाही, जबडा फुटून जनावर दिवसेंदिवस उपाशी मरतं. तिरकं उभं असेल आणि खांद्याच्या हाडातून जायची वेळ असेल तिथे .२४३ ची १०० ग्रेन जाते, .२२३ चा मला भरवसा नाही, आणि हाच खरा दोघींमधला फरक आहे.

बार झाल्यावर लगेच धावत जाऊ नका. जनावर कुठे उभं होतं त्या जागेमागचं झाड किंवा दगड नजरेत पक्का धरून ठेवा, कारण ब्लाइंडमधून उतरल्यावर सगळं सारखंच दिसतं. निदान अर्धा तास बसा. मग त्या जागी जाऊन वाकून बघा. रक्त गुलाबी आणि बारीक बुडबुडेवालं असेल, गवताच्या पात्यावर फेसासारखं, तर फुप्फुसात बसलीये, पन्नास-शंभर यार्डांत पडलेलं असेल. गडद लाल म्हणजे बहुतेक यकृत, थांबा अजून. हिरवट काही दिसलं आणि आंबूस वास आला तर पोटात बसलीये, मग काही तास मागे जाऊच नका, दमवलंत तर ते मैल मैल जातं, बसू दिलंत तर जवळच बसून राहतं. छोट्या गोळीचा आणखी एक तोटा इथे कळतो, ती बऱ्याचदा पलीकडून बाहेर येत नाही, एकच भोक, तेही वरच्या बाजूला, मग जमिनीवर माग फार कमी पडतो आणि झाडीत शोधणं अवघड होतं. म्हणून मी .२४३ म्हणते.

टेकडीवाला

सगळं वाचलं. मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो, तिथे मोर दिसला तरी दिवस चांगला जातो, त्यामुळे हे वाचून मनाला लागलं. ज्याला जनावर जखमी होण्याची एवढी काळजी आहे त्याने मुळात मारावंच का? भांडण नाही, खरंच विचारतोय.

सॅन_अँटोनियोकर

दादा, प्रश्न रास्त आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीने इथे व्हाइटटेल काही लाखांवर आलं होतं. मग सीझन आले, मर्यादा आल्या, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाला लावला, आणि आज ती संख्या कोटींत आहे. लांडगे बहुतेक ठिकाणी संपले, हिल कंट्रीत तर हरणं इतकी आहेत की ओकची नवी रोपं वर येऊ देत नाहीत, दुष्काळी वर्षात बरगड्या दिसणारी हरणं रस्त्याकडेला उभी असतात. आपल्याकडे बिबट्या आहे, वाघ आहे, बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे, तिकडचा हिशोब इकडे लावू नका एवढंच. मटण आम्ही वाया घालवत नाही, काळ्या मसाल्यात करतो.

टेकडीवाला

पटलं असं नाही म्हणणार, पण समजलं. नेमबाज, ते पूर्ण आडवं होईपर्यंत थांबायचं ते मात्र लक्षात ठेवा.

नेमबाज_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचा प्रतिसाद तर प्रिंट काढून ठेवला. आतेभावाला फोन केला, नळीवर ७ ला एक लिहिलंय आणि घरात गोळ्या आहेत त्या सगळ्या ५५ ग्रेन फुल मेटल जॅकेट! म्हणजे त्याच घेऊन गेलो असतो आम्ही. आता ठरलंय की रँचवाल्याची .२४३ वापरायची, त्याच्या मुलीची कॉम्पॅक्ट मापाची बोल्ट रायफल आहे ती बायकोला होईल, मीही तीच मारेन. एकच विचारतो, ६.५ क्रीडमूर सोडायचं का मग? आणि स्कोप किती यार्डांवर बसवायचा?

रानवाट

क्रीडमूर वाईट नाही हो, २००७ ला हॉर्नेडीने मुळात टार्गेटसाठी आणलं, १४० ग्रेनच्या आसपासची गोळी, लांबवर वाऱ्यात .२४३ हून चांगली टिकते आणि धक्का थोडाच जास्त. पुढे कधी स्वतःची रायफल घ्यायची वेळ आली आणि हरणाहून मोठं काही मारायचं असेल तर तीच घ्या. पण शंभर यार्डांवरच्या फीडरला मापात बसणारी .२४३ हाताशी असताना दुसरं काही शोधायची गरज नाही.

सॅन_अँटोनियोकर

जी गोळी शिकारीला वापरणार त्याच डब्याने १०० यार्डांवर दीड इंच वर बसवा, मग दीडशे-दोनशेपर्यंत वर-खाली काही धरावं लागत नाही, सरळ मारायचं. स्वस्त गोळीने स्कोप बसवून महागडी घेऊन जाऊ नका, ती दुसरीकडेच पडते. सराव प्रोनमधे करू नका, ब्लाइंडमधे खुर्चीवर बसून खिडकीवर टेकून मारायचंय, तसाच करा. टेक्ससमधे खाजगी जमिनीवर केशरी जॅकेटची सक्ती नाही तरी घाला. आणि हरीण पडल्यावर आधी लायसनवरचा टॅग भरून लावायचा, फोटो नंतर.

काडतूसकाका

एक राहिलं. परत येताना जॅकेटचे, पँटचे, हँडबॅगेचे सगळे खिसे उलटे करून बघा, तिकडे माणसं काडतुसं सुट्टी खिशात टाकतात. एक जिवंत काडतूस बॅगेत निघालं तर विमानतळ लोहगाव असो की मुंबई, आर्म्स अ‍ॅक्टची केस होऊ शकते, विसरलो म्हणून जागच्या जागी सुटका होईल असं धरू नका, रिकामी केससुद्धा आठवण म्हणून आणू नका. जाताना तुमची बालेवाडीची रेंज बॅग घेऊन जाऊ नका, तिच्या शिवणीत कुठेतरी .२२ चं एखादं अडकलेलं असतंच.

नेमबाज_कोथरूड

काका आत्ताच बघितली बॅग, साइड पॉकेटमधे दोन निघाली. नवीन बॅग घेतो.